नवा शॉकअप

मळ्यापासून मोडनिंबच्या हायवेपर्यंतच्या दगडधोंड्यांत महेश्वरच्या इलेक्ट्रिक माउंटन सायकलशिवाय काहीच चालायचं नाही. दवाखान्याला नेताना मणक्याच्या दुखण्यानं त्याचे आप्पा प्रत्येक खड्ड्याला किंचाळायचे. ते ऐकवेना, तेव्हा त्यानं मागचा शॉकअप बदलून भारीतला बसवला आणि ज्वारीचं पोतं बांधून तीच वाट सुसाट मारून पाहिली.

आज आप्पांना उपरण्यानं पाठीशी बांधून तो निघाला. ओढ्यातल्या गोट्यांवर सायकल उधळली, तरी आप्पांनी हूं की चूं केलं नाही.

हायवेला लागताच महेश्वर हरखून म्हणाला, "आप्पा, दुखलं न्हाय न्हवं?"

"लई भारी बसवलायस बग. कमरंखाली तर जरा बी कळलं न्हाय."



महेश्वरनं मान वळवून खाली पाहिलं: पाय ठेवायच्या दांडीवरून निसटलेला आप्पांचा पाय वाटभर दगडांवर खरवडत आला होता, बोटांतून रक्त ठिबकत होतं, आणि आप्पा हसत होते.