रामूचा फॉर्म

सातव्या प्रश्नापाशी नीलिमाचं पेन थांबलं. ‘अनोळखी माणसांत बिथरतो का?’

समोर जिजाबाई तिच्या हाताकडे बघत बसल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तर दोन जिने चढून वर आल्या होत्या. भाईंदर पूर्वेच्या गोडदेवातली ही इमारत त्यांच्याच भातशेतीवर उभी राहिली आणि त्यांच्या वाट्याला तळमजल्यावरची एक खोली आली. तिथे त्या आणि त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा रामू राहत. रामू मतिमंद होता. भाईंदर पश्चिमेला अशा मोठ्या मुलांसाठी दिवसभराचं केंद्र निघत होतं. तिथे काम शिकवणार होते, एकट्याने रिक्षाने यायला-जायला शिकवणार होते. जागा दहाच होत्या, आणि फॉर्म न्यायला केंद्राच्या क्षितिजाबाई आत्ता येणार होत्या.

“सगलं चांगलंच लिवलंत ना, ताई?”

“हो.”

आतापर्यंत चांगलंच लिहिलं होतं. स्वतःच्या हाताने जेवतो, हो. सांगितलेलं ऐकतो, हो. मारतो का, नाही. पण केंद्राची वेळ दहा ते पाच, आणि टँकर यायचा अकराला. दादरची खोली विकून नीलिमा इथे आली ती बिल्डरच्या चोवीस तास पाण्याच्या शब्दावर, आणि त्र्याण्णवचा उन्हाळा आला तरी नळ कोरडेच होते. ती ऑफिसात असताना तिची किल्ली जिजाबाईंकडे असे आणि पिंप रामू भरून ठेवी. निम्म्या इमारतीचं पाणी तोच चढवायचा. रामू म्हणजे देवमाणूस, असं सगळ्याजणी म्हणत आणि त्याच्या हातावर दोन बिस्किटं ठेवत. देवाला नैवेद्य तेवढाच पुरतो.

तिने ‘हो’ लिहिलं. पुढे ‘कधी कधी फार’ असंही जोडलं. आपल्याच पोळीवर तूप ओढायचं तर हात आखडता कशाला घ्या? अक्षर नेहमीसारखं सुबक आलं, कान मात्र तापले.

जिजाबाईंनी खाली अंगठा उठवला.

क्षितिजाबाई आल्या, दारातच उभ्या राहून फॉर्म वाचू लागल्या. तेवढ्यात रामू दोन्ही हातांत भरलेल्या कळशा घेऊन वर आला. अनोळखी बाई बघून त्याने कळशा खाली ठेवल्या, आतून खुर्ची आणली, शर्टाच्या बाहीने ती पुसली. मग पेला भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

“घ्या. थंड हाय,” तो म्हणाला.

क्षितिजाबाई पाणी प्यायल्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे.

“आम्ही दोघीच शिक्षिका आहोत,” त्या म्हणाल्या. “बिथरणारी मुलं यंदा नाही घेता येणार. आणि इथे लिहिलंय, हा बिथरतो. कधी कधी फार. खरंच?”

चुकून लिहिलं गेलं, एवढं म्हटलं असतं तरी सुटलं असतं. पण मग जिजाबाईंनी विचारलं असतं, असं कसं चुकलं, ताई? नीलिमाला स्वतःची अतोनात लाज वाटली, आणि त्या लाजेपायीच ती गप्प राहिली.

“आई, तुम्ही सांगा,” क्षितिजाबाई जिजाबाईंकडे वळल्या.

जिजाबाई बराच वेळ लेकाकडे बघत राहिल्या, जणू तो आजच घरी आला होता.

“मी तं कदी बिथरलेला बगितला न्हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “पन ताई शिकलेल्या हायेत. त्यांनी लिवलंय म्हंजे आसंल. मी आय, मना कुठं दिसनार?”

त्या उठल्या, रामूचं कोपर धरून त्याला क्षितिजाबाईंपासून मागे ओढलं.

“लांब उभा ऱ्हा रे. बाईंना भ्या वाटंल.”

रामू दोन पावलं मागे सरला, आणि अजून किती, म्हणून आईच्या तोंडाकडे बघत राहिला.