चिकटपट्टी

"विजेवरचं आहे, जुन्यासारखं धडधडत नाही," पत्रा वाकवायच्या नव्या मशीनवर थाप मारत नवरा म्हणाला. हात आत गेला की ते थांबवणाऱ्या सेन्सरवर त्याने चिकटपट्टी लावली होती.

"अहो, हे काय?"

"लहान पीसला सारखं अडतं. तू ना, नको तेवढी शिकलीस."

मी डबा उघडेपर्यंत तो साचा बदलायला वाकला. मशीन चालूच, दोन्ही हात पात्याखाली.

खाली सोडलेली आमची एक वर्षाची शर्वी दिसेना. मग दिसली. पातं खाली आणणाऱ्या पेडलसमोर बसून तिने पंजा उचलला होता.

मी हाक मारली नाही. ती दचकली असती, तर पंजा तिथेच पडला असता. चप्पल काढून मी हळूहळू पुढे सरकले.

वाकलेल्या नवऱ्याला तिचा फक्त हात दिसला. तो हसला.

"शर्वी, बाबाला टाळी दे."