सातवी चांदणी

तक्त्याच्या मधोमध मोठा ‘न’ होता आणि त्याच्या भोवती सात चांदण्या. प्रत्येक चांदणीत नाताळसाठीचा एक शब्द, आणि शब्दाखाली तो देणाऱ्याचं नाव. आईने शब्द सोडून आधी नावंच वाचली. नोएल, मावशी. नाविदाद, मावशी. नाताले, नादाल, नॉलिग, सगळीकडे मावशीच. नाताळ हा लेकीचा स्वतःचा. आणि अगदी खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून डकवल्यासारखी सातवी चांदणी: नाडोविल, आई.

मावशी म्हणजे लेकीच्या बाबांची दुसरी बायको. दुभाषी होती, चार देशांच्या लोकांत ऊठबस. लेक सहा दिवस त्यांच्याकडे असायची आणि रविवारी आईकडे. आज ती मावशीचाच हात धरून वर्गात आली होती. वेणीही वेगळी होती, कानामागून फिरवून घेतलेली. असली वेणी आपल्याला साता जन्मांत जमणार नाही, हे आईला दारातूनच कळलं आणि तिचं डोकं तिथेच सणकलं.

“पुस्तकातून किंवा मोबाइलवरून शब्द घ्यायचा नाही, असा आमचा नियम,” वर्गाच्या बाई पालकांना सांगत होत्या. “माणसाकडून मागून आणायचा. आणि ज्यांनी दिला, त्यांनी आज इथे तो म्हणून दाखवायचा.”

हा नियम आईला कोणी सांगितलाच नव्हता.

ती औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची. मंगळवारी ऐन गर्दीत लेकीचा फोन आला. “आई, मावशीने पाच दिले. तू एक तरी दे ना.” ते ‘एक तरी’ तिला असं झोंबलं की विचारता सोय नाही. हातात चोंदलेल्या नाकात घालायच्या थेंबांची बाटली होती. तिच्यावरचं नाव तिने ठोकून दिलं. “नाडोविल. लिही.” भाषा कोणती, म्हणून पोरीने विचारलं, तर म्हणाली, “लांबच्या एका बेटावरची.” आणि दिवसभर स्वतःवरच खूश राहिली.

मावशीने आपले पाच शब्द म्हणून दाखवले. प्रत्येकाला निराळा सूर, निराळी जीभ. मुलं तोंडाचा आ करून ऐकत होती. त्या बाईने एकदा तरी अडखळावं, म्हणून आई मनापासून देवाचा धावा करत होती. ती अडखळली नाही.

“आता हा,” बाईंनी कोपऱ्यातल्या चांदणीवर पट्टी ठेवली. “हा मलाही नवा आहे. शोधला, पण कुठे सापडला नाही. कोणती भाषा म्हणालात?”

लेक बाकावर ताठ बसून, हसू आवरत, आईकडेच बघत होती. आता ही सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार, आणि तीही आपल्यामुळे. मागच्या रांगेतल्या एका वडिलांनी तर खिशातून मोबाइल काढलासुद्धा.

“नाही सापडणार,” मावशी म्हणाली. “अगदी छोट्या बेटावरची बोली आहे ती. छापील असं काही नाहीच तिच्यात. मी ऐकलाय हा शब्द. शेवट जरा लांबवतात ते लोक. नाडोवीऽल.”

“वा!” बाई म्हणाल्या. “चला, सगळे म्हणा.”

तीस पोरांनी नाकाच्या औषधाचं नाव तीनदा बेंबीच्या देठापासून ओरडून म्हटलं. लेक तर बाकावर उभी राहिली. “मावशीलासुद्धा माहितीये आईचा शब्द!”

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईने आपल्याला हसावं, नावं ठेवावी, ते परवडलं असतं. पण तिने सांभाळून घ्यावं?

मुलं खाऊ घ्यायला पळाली, तेव्हा मावशी जवळ आली.

“मला तुमचे उपकार नकोत,” आई दबक्या आवाजात म्हणाली.

“उपकार कसले, ताई? पोरीचं तोंड एवढंसं झालं असतं.” मग तिला हसू आवरेना. “बाटली आमच्याही घरात आहे. मागच्या महिन्यात हिला सर्दी-ताप होता ना, तेव्हा आठवडाभर तेच थेंब घालत होते.”

“ताप? मागच्या महिन्यात?” आईने मनात रविवार मोजले. एकच चुकला होता. “त्या रविवारी तर तुमच्याकडे पाहुणे होते. तसं कळवलं होतंत मला.”

मावशीचं हसू गेलं. ती पहिल्यांदाच अडखळली.

“तिनेच तसं कळवायला सांगितलं. अंगात ताप होता हो तिच्या. म्हणाली, मला घरीच राहायचंय.”

तेवढ्यात लेक धावत आली आणि आईच्या कमरेला बिलगली. आईने पर्स उघडून रुमाल काढला, तिची हनुवटी वर केली आणि नाक पुसायला लागली.

“अगं, कोरडंय ना माझं नाक!” लेक मान सोडवत म्हणाली.

आई पुसतच राहिली.