घरात आणखी कोणाला?

"आखडलंय," आईबरोबर आलेली लेक म्हणाली आणि उजव्या खांद्यावर हात ठेवला.

फिजिओथेरपिस्ट बाईंचा हात लगेच छापील कागदांच्या गठ्ठ्याकडे गेला. आखडलंय म्हटलं की ताणायचं, हे त्यांच्या हाताला डोक्याच्या आधी कळायचं. खांदा ताणण्याच्या आठ व्यायामांचा कागद गठ्ठ्यात कायम वरच असे. बाईंनी त्यावर तारीखही टाकली.

कागद पाहून लेकीचा चेहरा पडला. असाच कागद तिला आधी तीन ठिकाणी मिळाला होता. तिन्ही वेळा तिनं इमानेइतबारे ताणून घेतलं होतं आणि तिन्ही वेळा खांदा आणखी बिघडला होता. ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. हल्ली शिडीवर हात उंच केला की खांदा खोबणीतून सटकल्यासारखा व्हायचा. पुढच्या आठवड्यात एक लांबलचक पाटी होती. ती जमली नाही तर ब्रश ठेवून द्यायचा, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

"एक्स-रेत काही नाही," शेजारच्या खुर्चीवरून आई म्हणाली. "लहानपणापासून हे असंच. आज मनगट, उद्या घोटा. शाळेच्या वेळेला नेमकं दुखायचं. नाटकं नुसती."

आई मनानं वाईट नव्हती. लेकीची जड पिशवी तिनंच उचलून आणली होती. जिभेला हाड नव्हतं, एवढंच.

"आणि आखडलंय कसलं? आमच्या घरात कोणी आखडत नाही. हे बघा." आईनं अंगठा वाकवला आणि सहज मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवला. तेवढ्यानं भागेना म्हणून उठली, गुडघे न वाकवता खाली झुकली आणि दोन्ही तळवे फरशीवर सपाट ठेवले. वय वर्षे सहासष्ट. "माझ्या धाकट्या बहिणीला याहून छान जमतं," ती खालूनच म्हणाली. "पाहुणे आले की बाबा आम्हाला करून दाखवायला लावायचे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दोघींचे हात बघू."

सांधा नको तितका वळला की एक मार्क. करंगळ्या झाल्या, अंगठे झाले, कोपरं, गुडघे, शेवटी पाठ. लेकीला नऊपैकी नऊ मिळाले. आईला आठ.

"माझा एक कुठे गेला?"

"डावं कोपर मागे जात नाही."

"ते मी पडले होते तेव्हाचं आहे. ते धरू नका."

"काकू, या परीक्षेत नापास झालेलं बरं असतं." बाई लेकीकडे वळल्या. "नुसत्या मार्कांवर आजाराचं नाव ठरत नाही. त्यासाठी मी डॉक्टरांना चिठ्ठी देते. पण सांध्यांना धरून ठेवणारे पट्टे तुमचे जन्मापासून सैल दिसतायत. त्यांचं काम स्नायू करतात, दिवसभर. दमून ते आखडतात. आणि आम्ही सांगतो, अजून ताणा." त्यांनी तारीख टाकलेला कागद फाडला. "चूक आमची. मीही आत्ता तीच करणार होते."

"म्हणजे खरंच आहे हे?"

"खरंच आहे."

लेकीला इतका आनंद झाला की तिला हसावं की रडावं कळेना. आजार निघाला म्हणून एवढं खूश झालेलं माणूस त्या खोलीनं पाहिलं नसेल.

बाईंनी तिच्या हातात चेंडू दिला. तो भिंतीवर तळव्यानं दाबायचा, डोळे मिटायचे, हात हळूहळू वर न्यायचा आणि छातीपर्यंत आला की थांबायचं. आजवर सगळ्यांनी तिला आणखी थोडं, आणखी थोडं, असंच म्हटलं होतं. थांब असं कोणी म्हटलं नव्हतं. ती थांबली. खांदा जागचा हलला नाही.

"पाटी वर चढूनच रंगवायची असते का?" बाईंनी विचारलं.

लेकीनं डोळे उघडले. "आधी खाली रंगवून मग चढवता येईल," ती म्हणाली आणि एवढं साधं आपल्याला सुचलं कसं नाही म्हणून खदखदून हसली. पिशवीतून ब्रश काढून कसा धरते तेही दाखवलं. ब्रशच्या दांडीवर चिंधी घट्ट गुंडाळलेली होती.

"हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. दांडी जाड असली की बोटं मागे वळत नाहीत, दुखत नाहीत. आमच्या घरी सुरीलापण आहे अशीच." बोलता बोलता तिनं आईकडे पाहिलं. "आई, सुरीला चिंधी तू का बांधतेस गं?"

"सवय."

"कधीपासून?"

"लग्नाच्याही आधीपासून." आई दाराकडे बघत होती. "दुखतात थोडी बोटं. त्यात काय सांगायचं? सगळ्यांचीच दुखतात."

"नाही काकू," बाई हळूच म्हणाल्या. "सगळ्यांची नाही दुखत."

आई आपल्या हातांकडे बघत राहिली. लेक जवळ गेली आणि तिच्या खुर्चीच्या हातावर टेकून बसली. आई म्हणाली, "बघ, अख्खी नाटक कंपनीच निघाली की आपली." मग तिनं टेबलावरचा लेकीचा फॉर्म स्वतःकडे ओढला. शेवटचा प्रश्न होता, 'घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का?' लेकीनं समोर 'नाही' लिहिलं होतं.

पेन बारीक होतं. आईनं त्याला रुमाल गुंडाळला, 'नाही' खोडलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मला'.