देवाची मूठ

"पोरगी सुटली, विमलबाई! नातू झाला! दोघंबी चांगले हायेत!" राहीबाई पेढ्यांचा पुडा उंच धरूनच मावला गावातल्या पास्टरांच्या ओसरीवर चढली.

विमलबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. "अहो, ऐकलं का? प्रियदर्शनी सुखरूप सुटली!"

विमलबाईचा नवरा, पास्टर राजकुमार, भिंतीला धरून बाहेर आले. ओठ पार सुकलेले. कालपासून नवराबायकोच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. राहीबाईनंच रडत येऊन सांगितलं होतं की पोरीचं बाळ आडवं आहे, तुमी उपास धरा, पूर्ण मनानं मागा देवाजवळ.

"आता उपास सोडाले हरकत नाई," विमलबाई म्हणाली. "बसा तुमीबी. एवढं निवडते अन् भात टाकते."

राहीबाईचं लक्ष सुपाकडे गेलं आणि तिचं हसू जागच्या जागी जिरलं. सुपाशेजारी निळी पिशवी पडली होती. प्रियदर्शनीच्या शाळेच्या जुन्या झग्याची, राहीबाईनं स्वतः शिवलेली.

इथल्या ख्रिस्ती मंडळीत रीत आहे. भात टाकताना घरची बाई आधी एक मूठ तांदूळ देवाच्या पिशवीत टाकते. रविवारी पिशवी पास्टरांकडे जाते आणि त्यावरच त्यांची चूल पेटते. राहीबाईची मूठ कधी चुकली नाही, खोटं कशाला बोला. पण ती घरच्या डब्यातून निघत नसे. परसात कोंबड्यांसाठी जुन्या तांदळाचं पिंप होतं, कीड लागलेलं. मूठ त्यातली. देवाला काय, मूठ पोचल्याशी मतलब, असं तिनं स्वतःला पटवून ठेवलेलं. आणि प्रार्थनेत "माझं सारं तुझंच, देवा" म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज हिचाच. लबाड बाई!

सुपात किडे चालत होते. विमलबाई एकेक बोटानं बाजूला सारत होती.

"राहू द्या ना ते," राहीबाई कशीबशी म्हणाली. "मी घरून चांगला आणते. आत्ता आणते."

"काऊन? देवाच्या नावानं आलेला तांदूळ हाय. टाकून कसा द्याचा?"

भात झाला. त्याचा कुबट वास ओसरीभर पसरला. एक ताट राहीबाईपुढंही आलं. पास्टरांनी डोळे मिटले. "प्रभू, ज्या हातानं तुझ्यासाठी ही मूठ काढली, त्या हाताले बरकत दे."

राहीबाईनं हात पदराखाली ओढला. सांगून टाकावं, पाय धरावे, असं तिला घासाघासाला वाटत होतं, आणि ती घास गिळत होती. पास्टरांनी पुन्हा भात मागून घेतला.

ती निघाली तेव्हा विमलबाई दारापर्यंत आली. तिनं निळी पिशवी राहीबाईच्या हातात दिली. तळाशी काहीतरी होतं.

"निवडताना निघालं ते हाय, किडे अन् चुरा," विमलबाई सहज म्हणाली. "फेकाले जीवावर आलं. तुमच्या घरी कोंबड्या हायेत नं? त्यायले टाकजा."