बर्फातलं विमान

शेषराव हवाई दलात मालवाहू विमानं उडवून निवृत्त झाले होते आणि त्यांची लेक प्राजक्ता एका खासगी कंपनीचं मालवाहू विमान चालवायची. ती अमरावतीला घरी आली की बापलेकीची जुंपायचीच. पण परवा धुक्यामुळे तिनं विमान न उतरवता परत नेलं, आणि तिच्या मागून आलेल्या एका माजी फौजी पायलटानं त्याच धावपट्टीवर आपलं विमान उतरवलं. तेव्हापासून शेषरावांना चेवच चढला होता.

"आमी लेहले बर्फात उतरवलं. तुमी कुरियरवाले ढग दिसला की घरी पळता."

"धावपट्टी दिसली नाही तर परत फिरायचं, बाबा. नियम आहे तसा."

"नियमानं विमान उडते, पोरी. उतरवाले छाती लागते."

प्राजक्ता भरल्या ताटावरून उठली. "उद्या विमान घेऊन परत तिथंच जाऊन राहिली मी. धुकं असो नाहीतर काही असो, उतरवूनच दाखवतो का नाही पाहा."

प्राजक्ताची आई आशाबाई वाढता वाढता थांबल्या. त्या उगाच स्वयंपाकघरात जाऊन परत आल्या. लेहची ती गोष्ट त्यांनी तीस वर्षं पाहुण्यांसमोर मान डोलावत ऐकली होती. नवऱ्याचं त्या वेळचं पत्र मात्र त्यांनी कोणालाच दाखवलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "पत्रात मले लिहिलं होतं, ते सांगा तिले."

शेषरावांनी ताट बाजूला सारलं. मग लेकीकडे न पाहताच म्हणाले, "दोन दिवस परत फिरलो होतो मी. तिसऱ्या दिवशी उतरवलं, तवा लख्ख ऊन पडलं होतं."