मोळीचा पीळ

सटवा मिस्त्रीने विसावी किक मारली, पण जुन्या फटफटीने हूं की चूं केलं नाही.

सुंदरबाई अंगणात उभी होती. हातात दूध सोसायटीच्या निवडणुकीचा अर्ज. तो तीनच्या आत केजच्या निवडणूक आफिसात पोचला तर ठीक, नाहीतर मोहनराव चेअरमन पुन्हा बिनविरोध. सोसायटीचा चारा वस्तीपर्यंत कधी आलाच नव्हता, आणि चेअरमनच्या म्हशी मात्र दुष्काळातही बाळसं धरत होत्या. दीड वाजला होता. अकराची जीप तिने नवऱ्याच्या शब्दावर सोडली होती. "जीपीत कावून चेंगरून घेतीस? गाडीवर सोडतो की," असं राधाकिशन म्हणाला होता. फाट्यावरून मिस्त्रीला तीच घेऊन आली, आणि नवरा लिंबाखाली बसून तंबाखू मळत होता. बघूनच तिचं डोकं फिरत होतं.

"गाडीच जुनी हाय. आज न्हाई व्हायचं," तो म्हणाला.

सटवाने हॉर्न दाबला. वाजला, म्हणजे बॅटरी ठीक. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली, ठिणगी नाही. नवा प्लग लावला, प्वाइंट घासले, तरी तेच. मग त्याने टाकी उतरवली आणि वायरीवरून बोट फिरवत गेला.

"वैनी, हे उंदराचं काम न्हाई. कुणीतरी वायर सोलून फ्रेमच्या बोल्टाला बांधलीय. करंट समदा लोखंडात चाललाय."

सुंदरबाई वाकली. उघडी तार बोल्टाभोवती दोनदा पिळून, गाठ न मारता टोक आत खोचलं होतं. ऊसतोडीला मोळी अशीच बांधतात, पण एका पिळाने. मोळी सुटेल या धास्तीने दोन पीळ देणारा टोळीत एकच होता. अकरा हंगाम त्याच्या मोळ्या तिने डोक्यावरून ट्रकात चढवल्या होत्या.

"कवा केलं?" तिने नवऱ्याला विचारलं.

राधाकिशनची तंबाखू हातातच राहिली. "चेअरमन म्हणले, बाईला घरी ठिव, उद्या गाडीभर चारा टाकतो. म्हैस मरायलीय गं दावणीला."

"मलाबी दिसतीय म्हैस. समद्या वस्तीच्या दिसत्यात. तुमाला एक आपलीच दिसली."

सटवा मान खाली घालून तार सोडवत होता. टेप गुंडाळून त्याने टाकी चढवली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

"सटवासंगं जा की," राधाकिशन पुटपुटला.

"न्हाई. तुमीच चला."

तो गाडीवर बसला. ती मागे बसली आणि अर्ज उलगडून त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

"सूचकाची जागा कोरी हाय. मला कुणी उभं केलं, त्याचं नाव पायजे तिथं. मोहनराव आफिसात बसलेले असतील. त्यांच्या देखत सही करायची."